आबांचा हात आणि यशूची पेन्सिल

“धरा ना,” असं म्हणून त्या पोरीनं पेन्सिलसकट आपला हात माझ्यापुढं केला.

मी म्हटलं, “काय धरू?”

“हात.” आणि तिनं माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं, की एवढी मोठी बाई झाली आणि एवढं साधं माहीत नाय?

पेन्सिल बोटांत अगदी पुस्तकात दाखवतात तशी धरलेली, पण हात उकडलेल्या शेंगेसारखा ढिला. पोरीचं नाव यशोधरा, घरात सगळे यशू म्हणतात. वय पाच. सिनियर केजी. शेजारच्या खुर्चीत तिची आई सोनल पर्सचा बेल्ट पिळत बसली होती. शाळेनं तिला बोलावून सांगितलं होतं, की मुलगी वर्गात एक रेघसुद्धा काढत नाही. वर्ष संपायच्या आत प्रिन्सिपल मॅडमसमोर स्वतःच्या हातानं नाव लिहून दाखवलं तर पहिलीत, नाहीतर पुन्हा सिनियर केजी. वर ‘स्लो लर्नर वाटते’ हेही सांगून टाकलं होतं. ते ऐकल्यापासून बिचारीची झोप उडाली होती.

“मॅडम, घरी तर लई सुंदर लिहिते हो,” ती रडवेली होऊन म्हणाली. “शाळेत गेल्यावरच काय होतं, काय माहीत.”

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट. गारखेड्यात माझं छोटं क्लिनिक आहे. बाहेरचा बोर्ड वाचून एकदा एक गृहस्थ मुलाचा बायोडाटा घेऊन आले होते. ऑक्युपेशन म्हणजे नोकरी, तेव्हा पोराला कुठंतरी चिकटवून द्या म्हणाले. तसं नसतं. माणसाला रोज जी कामं करावी लागतात ती जमत नसतील, तर जमवून देणं हे आमचं काम. पाच वर्षांच्या पोराची कामं म्हणजे खेळणं, जेवणं, बटण लावणं, आणि आजकाल शाळांच्या कृपेनं लिहिणंसुद्धा.

लोकांना वाटतं लिहिणं बोटांतून येतं. अहो, ते खांद्यापासून येतं. आधी खांदा पक्का व्हावा लागतो, मग कोपर, मग मनगट, आणि सगळ्यात शेवटी बोटं. म्हणून मी पोरांना दांड्याला लोंबकळायला लावते, कणीक तिंबायला लावते, दोरीवरचे कपड्यांचे चिमटे काढायला लावते. पालक घड्याळ बघत बसतात आणि मनात म्हणतात, ही बाई नुसती खेळवते. मी त्यांना म्हणू देते.

यशूचंही तेच सगळं बघितलं. चिमटे चटाचट काढले. मणी ओवले. दांड्याला लोंबकळली ती खाली उतरायलाच तयार नाही. मग मी सोनलशी बोलत होते, तेवढ्यात मागं खुडबुड ऐकू आली. वळून बघते तर यशूनं कपाटातली चॉकलेटची बरणी काढलेली. तिचं झाकण दाबून मग फिरवावं लागतं. पोरांना उघडता येऊ नये म्हणून ती बरणी मी मुद्दाम शोधून आणली होती. माझ्या नवऱ्याला ती अजून उघडत नाही. यशूचे दोन्ही गाल मात्र फुगलेले होते.

“कुणी उघडली गं?”

“आपोआप,” ती म्हणाली.

म्हणजे हाताला काही झालं नव्हतं, आणि डोक्याला तर मुळीच नव्हतं. मग घोडं पेंड खात होतं कुठं?

मी तिच्याजवळ जाऊन बसले. तिनं पुन्हा पेन्सिल धरून हात पुढं केला. मी तो धरला, आणि माझाही हात तिच्यासारखाच ढिला सोडून दिला. दोघींचे हात कागदावर मेल्यासारखे पडून राहिले. यशू निवांत पंख्याकडं बघत होती. बऱ्याच वेळानं तिच्या ध्यानात आलं, की काम काही पुढं सरकत नाही. तिनं कागद बघितला. मग माझा हात बघितला. मग अगदी काळजीनं विचारलं, “तुमचा चालू नाय का?”

मला हसू आवरेना. तिच्या हिशेबानं लिहिणं हे मोठ्या माणसाच्या हाताचं काम होतं. आपण फक्त पेन्सिल धरून बसायचं आणि इकडंतिकडं बघायचं. वर्गात हात धरायला कुणी नसायचं, म्हणून ती गुमान वाट बघत बसायची. बाई म्हणायच्या, हट्टी आहे.

“घरी अभ्यास कोण घेतं?” मी विचारलं.

“आबा!” मायलेकी एकदम म्हणाल्या.

पुढच्या वेळी आबा आले. यशूचे आजोबा, म्हणजे सोनलचे सासरे. पांढराशुभ्र शर्ट, खिशाला पेन, केस पाणी लावून बसवलेले. “जय भीम, मॅडम,” म्हणून ताठ बसले. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये, मशीनची हत्यारं घडवण्यात, सारी नोकरी केलेली. केसाएवढा फरक चालायचा नाही तिथं, असं त्यांनी मला पहिल्याच वाक्यात सांगितलं.

“जरा करून दाखवा बरं, घरी कसं लिहून घेता ते.”

त्यांनी यशूला मांडीवर घेतलं. त्यांच्या पंजात तिचा हात दिसेनासा झाला, आणि कागदावर छापल्यासारखी अक्षरं उतरू लागली. खरंच सुंदर. यशू तेवढ्या वेळात माझ्या टेबलावरचा स्टेपलर न्याहाळत होती.

“आबा, ती कागदाकडं बघतसुद्धा नाहीये.”

“सवय झालीय ना तिला,” आबा कौतुकानं म्हणाले.

आमच्यात याला ‘हँड ओव्हर हँड’ म्हणतात. पोराच्या हातावर मोठ्याचा हात ठेवून हालचाल शिकवायची. पद्धत वाईट नाही, आम्हीही वापरतो. पण ते औषध आहे. थोडं द्यायचं आणि लवकर बंद करायचं. आबांनी त्याचं जेवण करून टाकलं होतं. मी त्यांना हे शक्य तितक्या गोड शब्दांत सांगितलं आणि म्हटलं, आजपासून हात सोडा.

आबांचा चेहरा एकदम उतरला.

“मॅडम, माझं गाव दौलताबादच्या पल्याड,” ते म्हणाले. “शाळेत गुरुजी एकेका पोराचा हात धरून पाटीवर गिरवून घ्यायचे. माझ्याजवळ आले की थांबायचे. लांबूनच छडीनं पाटी दाखवायचे आन् फुडं जायचे. इटाळ व्हतो म्हनून मला हात नाय लावला कधी. मी रोज हात फुडं करून बसायचो.” जरा थांबून म्हणाले, “म्हनून हिचा हात मी धरतो. ताप असला तरी धरतो. आन् तुम्ही म्हणता सोडा.”

त्या गुरुजींचा मला इतका राग आला, की समोर असते तर मी छडी हिसकावून घेतली असती. माझं सगळं शास्त्र क्षणभर फुकट गेल्यासारखं वाटलं.

मग मी हळूच विचारलं, “मग आबा, तुमचं हे अक्षर कुणी घडवलं?”

“कोन घडवनार? मीच. गोठ्याच्या भिताडावर कोळशानं लिहायचो.”

“गुरुजींनी केलं ते पापच. तुम्ही यशूचा हात धरलात, ते लाख मोलाचं. पण आबा, तिनं कोळसा हातात घ्यायचा कधी?”

आबांनी नातीकडं बघितलं. तिनं एव्हाना स्टेपलर उघडून पिना सांडल्या होत्या.

“सोडतो,” ते म्हणाले. “शब्द दिला.”

पुढच्या वेळी सोनल आबांना आणि यशूला घेऊन आली ती गोंधळलेली. “मॅडम, आबांनी हात सोडला. मी डोळ्यांनी बघितलंय. पण अक्षर पहिल्यासारखंच येतंय, एकदम छान.”

मला पटेना. मी आबांना म्हटलं, “दाखवा.” ते यशूच्या शेजारी बसले. तिचा हात खरोखर मोकळा होता. तिनं पेन्सिल कागदावर टेकवली आणि खिडकीबाहेर बघायला लागली. अक्षर उमटायला लागलं! मी वाकून नीट बघितलं, तर आबा दोन्ही हातांनी पेन्सिलीखालची वही सरकवत होते. वर, खाली, गोल, आडवी.

“आबा!”

“हात कुठं धरला मी?” आबा म्हणाले. “वही धरली.” मग जरा ओशाळून, पण अभिमान लपवत त्यांनी समजावलं, “मिलिंग मशीनला टूल जागेवरच फिरत असतंय मॅडम. जॉब, म्हंजे कापायचा तुकडा, तो हलवायचा असतो.”

आता या माणसाला काय म्हणायचं? मी कपाळावर हात मारला आणि पोट धरून हसले. सोनलसुद्धा हसली. ती हसताना मी पहिल्यांदाच बघितली.

पण वेळ थोडा होता, आणि शब्दानं हा गडी आवरणार नव्हता. तेवढ्यात मला दिसलं, की आबा उजव्या अंगठ्याचं मूळ चोळतायत. दाबून बघितलं तर “आई गं” म्हणाले. आयुष्यभर हत्यारं आवळलेला हात, आणि वर नातीचा होमवर्क! म्हटलं, देव पावला.

आम्ही थेरपिस्ट स्प्लिंट बनवतो. स्प्लिंट म्हणजे दुखऱ्या सांध्याला आधार देणारी पट्टी. कडक प्लास्टिकचा तुकडा गरम पाण्यात टाकला की मऊ पडतो, मग तो हातावर बसवायचा. आबांना गरज होतीच, मी काही खोटं केलं नाही. फक्त, अंगठ्यापुरती पुरली असती ती पट्टी मी मनगटाच्याही पुढं नेली, म्हणजे मनगट वळायलाच नको, आणि अभ्यासाच्या वेळी घालायचीच असं बजावलं. मग यशूला बोलावून गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, “आबांचा हात आता बंद. त्यांनी कुठंही हात घातला तर तू ओरडायचं. डाव्या हातावरही लक्ष ठेवायचं. तू पोलीस.”

आबांनी माझ्याकडं असं बघितलं, की मॅडम, हा दगा आहे. यशूचे डोळे चमकले. त्या घरात त्यानंतर आबांना वही जवळ घेऊन बघायचीसुद्धा चोरी झाली. बिनकामाचं बसवेना, म्हणून त्यांनी आपल्या जुन्या पेटीतले नट-बोल्ट तिला खेळायला काढून दिले. बोटांना याच्याइतका चांगला व्यायाम माझ्या क्लिनिकमध्येही नाही.

खरी गंमत पुढं झाली. मी क्लिनिकच्या भिंतीला मोठा कागद लावला होता. यशूच्या हातात खडू दिला. ती उभी राहिली. सवयीनं हात मागं बसलेल्या आबांकडं केला, आणि मग तिला आठवलं, आबा बंद आहेत. तिनं माझ्याकडं बघितलं. मी छताकडं बघायला लागले. तिनं जरा विचार केला. आबांना हाताला धरून भिंतीपाशी आणलं, त्यांच्या पट्टीतून बाहेर आलेल्या बोटांत खडू खोचला आणि म्हणाली, “तुमचा चालू नाय ना? थांबा. मी धरते.”

मी आबांना डोळ्यांनी खुणावलं, हात सोडा, अगदी ढिला. आबांनी सोडला. तो एवढा जड हात यशूनं दोन्ही हातांनी धरला आणि वरून खाली ओढला. जीभ बाहेर, टाचा वर, कपाळाला आठ्या. कागदावर एक उभी रेघ आली. नागमोडी, पण तिची.

“वाकडी आली गं,” आबांना राहवलं नाही.

“तुम्ही मधी मधी नका करू. ढिलं सोडा!” यशू खेकसली.

आडवी रेघ झाली. गोल झाला, म्हणजे बटाटा झाला. थोड्या वेळानं तिनं आबांच्या बोटांतून खडू काढून घेतला. “तुमचा हात लई जड हाये. व्हा बाजूला.”

आबा बाजूला झाले. तोंड भिंतीकडं करून बराच वेळ उभे राहिले. मी त्यांना तसंच राहू दिलं. त्यानंतर खडूचा झाला पेन्सिलीचा तुकडा आणि भिंतीवरचा कागद आला टेबलावर. नाव लिहायला लागली, तेव्हा एकेक अक्षर भोपळ्याएवढं होतं.

आणि मग शाळेतला दिवस आला. प्रिन्सिपल मॅडमनी मलाही बोलावलं होतं. सोनल माझ्याशेजारी, आबा दाराशी, हात पाठीमागं बांधून. टेबलावर कोरा कागद.

“कम बेटा, नाव लिही बरं.”

यशूनं पेन्सिल घेतली. कागदाकडं बघत राहिली. काहीच नाही. सोनलनं माझं मनगट आवळलं. प्रिन्सिपल मॅडम मनानं वाईट नव्हत्या. त्यांना दया आली, आणि त्यांनी पुढं वाकून यशूचा हात धरला. “चल, मी हेल्प करते.”

संपलं, मी मनात म्हटलं. आता हात ढिला पडणार.

यशूनं मॅडमचा हात उचलला आणि टेबलाच्या कडेला नेऊन ठेवला. “तुमचा नका लावू,” ती समजावणीच्या सुरात म्हणाली. “मग मला दोघींचा ढकलावा लागतो.”

आणि तिनं लिहिलं. अक्षरं उतारावरून घरंगळत गेली. शेवटचं तर कागदावर मावलंच नाही, त्याचं शेपूट टेबलाच्या काचेवर गेलं. पण नाव पुरं झालं. सोनल तोंडावर पदर धरून रडायला लागली, आणि माझेही डोळे भरले.

मॅडमनी कागद हातात घेतला, चष्मा वर-खाली केला. “ओके. पहिलीत जाऊ दे.” मग कपाळाला आठी घालून म्हणाल्या, “पण एक सांगते. हिचं होमवर्कमधलं हँडरायटिंग आधी किती सुंदर होतं! आता फारच बिघडलंय. घरी कुणाचं लक्ष नाही का?”

दारातून आबा पुढं आले. डोळ्यांतून पाणी, आणि चेहरा असा, की जणू नातीला पदक मिळालंय.

“व्हय मॅडम,” ते म्हणाले, “लई बिघडलंय!”

हल्ली पालक पोराचा होमवर्क घेऊन येतात आणि सांगतात, घरी मोत्यासारखं लिहितो, शाळेतच लिहीत नाही. मी पोराला खेळायला पाठवते, आणि आधी पालकांचे हात तपासते.