मावशीनं उचललेलं ताट

आमच्या मावशीला आंजी गावात सगळे भडका मावशी म्हणत, आणि तेही तिच्या तोंडावर. बाजारात ती भाजी घेऊन बसली की गिऱ्हाइकानं भेंडीचं टोक मोडायचा अवकाश, ती भेंडी हिसकावून घ्यायची. ‘‘घ्यायची नाई तं मोडता काऊन?’’ खोटं गोड बोलणं तिला कधी जमलंच नाही.

तिचा मुलगा प्रशांत इंग्लंडात नोकरीला गेला आणि तिथल्या एमाशी लग्न करून तिथंच राहिला. मावशी एकदा त्यांच्याकडे जाऊन आली. इंग्रजांच्या जेवणाबद्दल विचारलं की म्हणायची, ‘‘उकडतात अन् वाढतात. आजारी माणसाचं जेवण.’’ हे ती एमालाही सांगून आली होती, प्रशांतला एकेक शब्द इंग्रजीत सांगायला लावून. एमा खळखळून हसली आणि तिनं मीठ पुढं सरकवलं. तेव्हापासून दोघींचं जुळलं.

चायनीजचाही तिला तेवढाच राग. बसस्टँडवरच्या गाडीवर आपल्याच मळ्यातली गोबी लाल रंगात लोळताना पाहून ती गाडीवाल्यावर कडाडली, ‘‘चीनमदी कोणी हे खाल्लं तं रडन!’’ तिचा मोठा भाऊ, आमचा मामा, दोन गल्ल्या सोडून राहायचा आणि त्याच गाडीवर रोज मिटक्या मारायचा. ‘‘तुले काय समजते चायनीज?’’ असं तिलाच वर ऐकवायचा.

मग एका हिवाळ्यात एमा एकटीच आंजीला आली. सासरच्या माणसांना आपल्या हातचं जेवू घालायचं तिच्या मनात होतं. ओव्हन नव्हता, म्हणून झाकणावर निखारे ठेवून तिनं गोबी भाजली, वर दूध आणि चीजचा पांढरा रस्सा घातला. आलू लोण्यात घोटले, वटाणे नुसते वाफवले. मला ते आवडलं. वटाण्याला वटाण्याची चव होती. मामानं मात्र एक घास घेतला, ताट पुढं ढकललं आणि मोठ्यानं म्हणाला, ‘‘आमचं कुत्रंही नाई खाणार हे.’’ सगळी पंगत हसली. एमाला शब्द कळले नाहीत, हसणं कळलं. वाढायचा चमचा हातात धरून ती तशीच उभी राहिली. रंगवलेल्या गोबीवर जीव टाकणाऱ्या माणसानं हे बोलावं, याचा संताप आजही माझ्या डोक्यातून जात नाही.

मावशीनं मामाचं ताट उचललं. ‘‘ऊठ.’’

‘‘मले? सख्ख्या भावाले?’’

‘‘हो, तुलेच. ऊठ.’’

मामा गेला तो पुन्हा त्या घरी आला नाही. भाऊबीज बंद झाली. नातेवाईक समजावायचे मावशीलाच. ‘‘तूही तं तिच्या जेवणाले नावं ठेवत होती.’’ ती उसळायची, ‘‘मी तिले समजन असं सांगतलं. तो तिले समजणार नाई म्हणून बोलला!’’

पुढं मामानं अंथरूण धरलं. मावशी त्याच्या घरी गेली, मी सोबत होते.

‘‘माफी मागाले आली?’’ त्यानं विचारलं.

‘‘नाई. एमाले फोन लावला हाये. बोल.’’

फोनमधून एमा ‘‘मामा? हॅलो, मामा?’’ म्हणत राहिली. मामानं भिंतीकडे तोंड फिरवलं. आठवड्याभरात तो गेला.

अंगणात त्याला ठेवलं होतं, तिथं जाऊन मावशी ओरडली, ‘‘आता काऊन गप्प? तवा तं लय बोलत होता!’’ बायकांनी तिला ओढत बाजूला आणलं. मी तिचा दंड धरला.

‘‘‘चांगलं झालं होतं, पोरी,’ येवढंच म्हणायचं होतं त्यानं एमाले,’’ ती म्हणाली. ‘‘खोटं म्हणला असता तरी चाललं असतं मले.’’