आईचा फाटलेला आवाज

लकव्याने आईची वाचा गेली. त्याआधी कुडवा गावच्या घरी मी तिची पोवारी बोलीतली लग्नगीतं कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करून ठेवली होती. ती लावली, तर आवाज फाटून खरखरत येऊ लागला. लिनक्समधला आवाज कमी केला, साउंडचा ड्रायव्हर पुन्हा टाकला, शेजाऱ्यांचे स्पीकरही लावून पाहिले. खरखर जाईना.

"दुसरं काही लावून पाहा ना जी," बायको म्हणाली.

विकतची सीडी लावली. ती स्वच्छ वाजली. म्हणजे बिघाड रेकॉर्डिंगमध्येच होता. आई मोकळ्या गळ्याने गायली होती आणि माइकला ते पेललंच नव्हतं.

मी कॉम्प्युटर बंद केला.

"काऊन बंद केलं?"

"आता हे दुरुस्त होत नाही."

बाजेवर पडलेल्या आईने ते ऐकलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.