औषध म्हणायचं नाही

आबांना सोलापूरला दाखवायला आणलं, तेव्हा डॉक्टरांनी आधी विचारलं, "सध्या औषध कुठलं चालू आहे?"

आबा, म्हणजे माझे वडील, खुर्चीत सरसावून बसले. "ऊन असलं तर आठ दिवसाला. आभाळ आलं की चार दिवसाला. कवा कवा दोन-तीन एकात मिसळून."

डॉक्टरांचं लिहिणं थांबलं. "एवढं कोणी दिलं तुम्हाला?"

"दुकानदारानं."

सांगोल्याजवळ आमची डाळिंबाची बाग आहे. तिथे फवारणीला औषध मारणंच म्हणतात, दुसरा शब्दच नाही. मी तसं सांगितल्यावर डॉक्टर हसले, आबाही हसले. मग डॉक्टरांनी विचारलं, मिसळता कशाने? काठीने, आणि काठी हाताशी नसली तर हाताने. तोंडाला काही बांधता का?

"औषधाला कोण तोंड बांधतंय, सायेब?" आबा म्हणाले.

आजार रक्ताचा निघाला. केबिनबाहेर मी डॉक्टरांना एकटीने गाठलं. ते म्हणाले, "फवारणीमुळेच झालं, असं मला म्हणता येणार नाही. तिच्यामुळे नाही झालं, असंही म्हणता येणार नाही." मी सोलापुरातल्या कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. पुढचे कितीतरी दिवस कपाटातून पुस्तकं काढून वाचत होते. काही लेखक ठामपणे एका बाजूला होते, काही तितक्याच ठामपणे दुसऱ्या. आबांबद्दल मात्र कुठल्याच पानावर काही नव्हतं.

शेवटी शेवटी त्यांना पलंगावर उठून बसलं तरी धाप लागायची. थंडी सरत असताना ते गेले.

भेटायला येणारे पडवीत बसून कारणं शोधत. कुणी म्हणे, आता बियाण्यातच काहीतरी घालतात, अन्नाला पहिल्यासारखा कस नाही. कुणी दुधाला नावं ठेवी. चुलत्यांनी विचारलं, "तंबाखू खात हुता न्हवं?" आई म्हणाली, "सुपारीबी खात नव्हते." मग कुणीतरी पावसाचा विषय काढला.

त्या दिवसांत एकदा मी विहिरीकडे गेले. तिथे डाळिंबाची दोन झाडं आहेत, घरची झाडं. फळं लहान, सालीवर डाग, काही किडलेली. त्यांच्यावर आबांनी कधी पंप धरला नाही. आम्हा भावंडांना आणि पुढे माझ्या मुलीला त्याच झाडांची फळं मिळायची. लहानपणी मला वाटे, चांगली फळं विकायची असतात म्हणून आपल्याला ही डागाळलेली. त्या दिवशी झाडाखाली उभी राहून वेगळाच विचार आला. औषधाच्या पिशवीत काय आहे हे आबांना ठाऊक होतं. त्यांनी ते आमच्यापासून दूर ठेवलं. स्वतःचा मात्र विचार केला नाही.

बाग आता धाकटा भाऊ बघतो. बहर धरलेला होता आणि पानांवर तेलकट डाग दिसू लागले होते. तेल्या रोग एकदा बागेत शिरला की फळ तडकतं. एका सकाळी, मी गावी असताना, त्याने पंप धुवायला काढला आणि हाक मारली, "आई, औषधाची पिशवी कुटं ठेवलीस?"

आई भाकरी थापत होती. "औषध म्हणायचं न्हाय," ती म्हणाली. "इख हाय ते. इख म्हण."

"इख म्हणलं तर डाळिंब घील का कोण? येपाऱ्यासमोर बोलशील एकांद्या येळी."

"येपाऱ्याला काय सांगायचं ते सांग. पर तोंड बांधून जा."

"लई उकडतंय त्यात. श्वास घ्येता येत न्हाय."

"तुझ्या बाला तरी कुटं येत हुता."

भाऊ पायरीवर बसला. माझ्याकडे बघून म्हणाला, "अक्का, तू एवढी पुस्तकं वाचलीस की. तूच सांग, आबांना त्यानंच झालं का?"

त्याला हो म्हणावं असं फार वाटलं. हो म्हटलं असतं तर कदाचित त्याने पंप कायमचा ठेवून दिला असता, आणि सबंध बहर गेला असता. शिवाय ते खरं आहे की नाही, मला माहीत नव्हतं.

"माहीत नाही," मी म्हणाले.

"मग?"

"माहीत नाही, म्हणून तर बांध. आणि मला तू हवा आहेस."

मी सोलापूरहून आणलेले हातमोजे त्याने ओढून ओढून चढवले. "हे घालून म्हस पिळू का?" असं आईला विचारलं. ती हसली नाही. मास्क त्याने गळ्यात अडकवला आणि पंप घेऊन निघाला. आई पीठ लागलेल्या हातांनीच त्याच्या मागे गेली आणि बांधावर उभी राहिली.

पंप सुरू झाला तेव्हा मास्क हनुवटीखालीच होता. भाऊ थोडा आत गेला, मागे वळला. आई तिथेच होती. त्याने पंप बंद केला, मास्क नाकावर ओढला आणि पुन्हा सुरू केला.