कंटिन्युइटीसाठी एक थापड

पहिली थापड बसली तेव्हा मी हासलो. सवयच तशी. मी नक्कला करतो म्हणून कॉलेजात मले सारे 'कॉमेडी' म्हणत.

"कट! हासून काऊन राह्यला बे कॉमेडी? मालकाची थापड आहे, पप्पी नाई."

हा पियूष. प्रॅक्टिकलच्या फिल्मसाठी आमच्या ग्रुपचा डायरेक्टर. बापाचं वर्ध्यात कपड्याचं मोठं दुकान, कॅमेरा घरचा, म्हणून डायरेक्टर. मालकाचा रोलबी त्यानंच घेतला. मजुराचा रोल करणारा पोरगा आला नाई. मी तं साऊंडवाला, कानाले हेडफोन लावून उभा. पियूषनं मले वरून खाली पाह्यलं.

"हाच करते मजूर. मेकअपबी नाई लागत याले."

सारे हासले. मीबी.

बोरगाव मेघेतल्या एका अर्ध्या बांधलेल्या घरात शूटिंग होती. मी सांगून पाह्यलं, थापड खोटी मार, आवाज मी मागून टाकतो. मांडीवर हात मारला का निघते तो. पह्यल्याच वर्षी शिकवलं होतं आमाले.

"नाई. मले रिअल पाहिजे."

दुसरी. तिसरी. चौथीले गाल दाताखाली आला. तोंडात रक्त. पाचवीले त्याची अंगठी लागली. दर खेपेले आधी त्याचं नाक फुगे, मंग डावा खांदा खाली जाये. कॅमेरावाली पोरगी म्हणली, "ओके आहे ना, झालं." तो म्हणला, "मजा नाई आली." मंग माह्याकडं वळला.

"तुहा बाप मालकासमोर कसा बोलते बे? तसं कर."

माहा बाप सिंदी रेल्वे गावाले जिनिंग मिलमध्ये कापसाच्या गाठी उचलते. मी हात जोडले. कंबर वाकवली. आवाज चिरका काढला. "जी मालक. चुकलं मालक."

टाळ्या पडल्या. "वा! एकदम ओरिजनल!"

सातवी थापड ओके झाली.

जेवण झाल्यावर प्रॅक्टिकलचे सर आले. शॉट पाह्यले. माहा गाल पाह्यला.

"कंटिन्युइटी बघा रे. आधीच्या शॉटमध्ये गाल लाल आहे, आता उतरलाय. जुळणार नाही."

पियूष बिस्कीट खाऊन राह्यला होता. त्यानं हात झटकले. कॅमेरा बंदच होता.

"ये कॉमेडी. दोन खाऊन घे. लाल झाला का शॉट लावतो."

सर मोबाईलमध्ये.

सीनसाठी नाई. कॅमेऱ्यासाठीबी नाई. नुसत्या रंगासाठी.

अन् तवाच डोक्यात पेटलं. माहा बाप कोणालेच 'जी मालक' म्हणत नाई. एकदा मॅनेजरनं त्याले 'अबे' म्हणलं. बापानं गाठ खाली ठेवली अन् उभा राह्यला. "नाव आहे मले," म्हणला. मॅनेजरनं नाव घेतलं तवाच गाठ उचलली. तो चिरका आवाज त्याचा नाई. ती वाकलेली कंबर त्याची नाई. लोकायनं हासावं म्हणून मीच तसा बाप बनवला होता. अन् तो आता मेमरी कार्डात बसला होता, परीक्षेत दाखवाले.

पियूषचं नाक फुगलं. डावा खांदा खाली गेला. हात आला.

मी मनगट धरलं. पिळलं. तो गुडघ्यावर आला तरी सोडलं नाई. मंग मारली. एकच. पुऱ्या हातानं. ओठ फाटला. बिस्किटाचा चुरा लाल झाला.

"आता तुह्या गालाची कंटिन्युइटी सांभाळ," मी म्हणलं.

कोणीच हासलं नाई.

आता सरांचा मोबाईल खिशात गेला. "माफी माग त्याची! आणि संमतीपत्रावर सही कर. कलाकाराच्या सहीशिवाय फिल्म जमा होत नाही. तुझेही मार्क जातील."

"जाऊ द्या, सर."

फिल्म जमा झाली नाई. साऱ्या ग्रुपले आता पुढच्या साली परत प्रॅक्टिकल. कॅमेरावाली माह्याशी बोलत नाई. तिचा राग बरोबर आहे. तरी सही नाई. तो बाप मी कोणाले दाखवू देणार नाई.

नक्कला मी सोडल्या नाई. पण वाकलेल्या माणसाची आता करत नाई. मालकाची करतो. नाक कवा फुगते, खांदा कवा पडते, सात थापडीत पाठ झालं मले. पुढच्या साली मालकाचा रोल मी करीन. पियूषले समोरच्या खुर्चीत पाहाले बसवीन. अन् एकबी कट म्हणू देणार नाई.