फ्यूजच्या बोर्डावरच्या सहा पाट्या

वस्तू चालू असते तोवर तिच्याकडे कोणी बघत नाही. ती बदलायची ठरली, की तिचे किस्से एकेक करून बाहेर पडायला लागतात. आमच्या लोणावळ्याच्या घरातल्या फ्यूजच्या बोर्डाचं तसंच झालं. शाळेत मधल्या सुट्टीत सांगायला बसले, तर घंटा होऊनही कोणी शिक्षक उठेना.

*

आमचे हे देहूरोडला डेपोत स्टोअर सांभाळायचे. तिथे पाटी नसलेली वस्तू म्हणजे हरवलेली वस्तू. घरातही तोच कायदा. लोणच्याच्या बरण्यांवर पाट्या, छत्र्यांवरसुद्धा पाट्या.

घराचं वायरिंग औंढ्याच्या दत्तूभाऊंनी केलं. कुठला फ्यूज कुठल्या खोलीचा, ते त्यांनी उजवीकडून सांगितलं. ह्यांनी डावीकडून लिहून घेतलं. मग पत्र्याच्या सहा पट्ट्या कापल्या, रंगानं नावं काढली आणि ओळीनं ठोकल्या: अंगण, हॉल, खोली, देवघर, स्वयंपाकघर, न्हाणी.

सहाच्या सहा उलट्या!

मी म्हटलं, बदला. हे म्हणाले, "पाट्या रंगवून झाल्यात. आता घरानं सवय करून घ्यावी."

घरानं करून घेतली. न्हाणीतला गीझर बंद करायचा तर 'अंगण' ओढायचं, हे आमच्या मुलीला, मुक्ताला, पाढ्यांच्या आधी पाठ झालं.

*

एकदा शेजारचे जोशीकाका आमच्या हॉलमधला पंखा दुरुस्त करायला आले. सावध माणूस. आधी 'हॉल'चा फ्यूज काढून खिशात घातला आणि मगच स्टुलावर चढले.

आत माझा मिक्सर चटणी अर्धी वाटून थांबला. बाहेर पंख्यानं काकांना असा झटका दिला, की ते स्टुलावरून थेट सोफ्यावर येऊन बसले. मी मिक्सरचं भांडं हातात घेऊनच धावले.

दोन पेले पाणी पिऊन झाल्यावर काका म्हणाले, "वहिनी, चटणी तरी झाली का?"

*

हे गेले त्याला दोन वर्षं झाली. यंदाच्या पावसाळ्यात एक फ्यूज धुरानं काळा पडला. मुक्ताला फोनवर सांगायची चूक मी केली. तिची मुलगी सहा महिन्यांची. "आई, बोर्ड बदलल्याशिवाय मी दिवाळीला बाळाला घेऊन येणार नाही."

मी म्हटलं, बघते.

"तू 'बघते' म्हणालीस म्हणजे नाही, मला माहीत आहे."

बोर्डाचं मला काही नव्हतं. पाट्यांचं होतं. पण नातीची पहिली दिवाळी होती.

*

लोणावळ्यात कामाचे दोन दर असतात: राहणाऱ्यांचा आणि सुट्टीला येणाऱ्यांचा. बाजारातला पहिला इलेक्ट्रिशियन आला. त्यानं बोर्डाआधी व्हरांड्यातला झोपाळा बघितला. "अठरा हजार, मॅडम. मुंबईला गेल्यावर ऑनलाइन पाठवलेत तरी चालेल."

जोशीकाकूंनी उपाय सांगितला. दुसरा येणार त्या दिवशी मी व्हरांड्यात दोन ओल्या चादरी वाळत घातल्या. त्यांच्याखालून वाकून तो बोर्डापर्यंत पोचला. "अकरा होतील, काकू."

दोन चादरींनी सात हजार वाचवले. जोशीकाकू तरी हळहळल्याच: "गोधडी टाकली असतीस, तर नऊला आला असता."

*

शेवटी दत्तूभाऊंनाच बोलावलं. आता साठी उलटलेले, चष्मा दोऱ्यानं बांधलेला. बोर्डावरचा एकेक फ्यूज काढून बघितला.

"लय जुनं झालं, बाई. अर्थिंग तर न्हाईच." मग हिशेब सांगितला. सामान साडेपाच हजारांचं, दुकानाचं बिल दाखवणार. मजुरी दोन हजार. "पर मी हजारच घेनार."

मी विचारलं, का?

"पाट्या उलट्या लागल्या, त्यात निम्मी चूक माजी. साहेब व्हते तवर कबूल केली न्हाई."

*

काम एका दिवसात झालं. संध्याकाळी त्यांनी विचारलं, "पाट्या नव्या डब्यावर लावतो. पर तारा आता पाट्यांपरमानं जोडू, का हाय तसंच ऱ्हाऊ दिऊ?"

मी चहा टाकायला आत गेले. कप घेऊन बाहेर आले तेव्हा ते झाकणाचे स्क्रू पिळत होते. त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मुक्ता आली, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी पहिली आंघोळ. पहाटे अंगणात आकाशकंदील लागलेला, सगळं घर तेलाउटण्याच्या वासाचं. पाणी फार तापलं म्हणून मुक्ता बाळाला कडेवर घेऊन बोर्डापाशी आली. बाळाशी बोलता बोलता, न बघताच, तिनं 'अंगण'चा खटका खाली पाडला.

जावई मागेच उभे होते. "अगं, ते अंगण आहे. कंदील जाईल."

"गीझरच बंद केलाय," ती म्हणाली आणि न्हाणीकडे वळली.

जावयांनी दार उघडून बघितलं. कंदील लागलेलाच होता.