शिगेनोच्या सैल पिशव्या

सफरचंदाला पिशवी कशी बांधायची, हे शिगेनो झोपेतही सांगू शकली असती. तरी गावात पिशवी बांधता येत नाही अशी बाई म्हणून नाव होतं ते तिचंच.

उत्तर जपानातल्या इवाकी डोंगराच्या उतारावर जून लागला की बाया शिड्या चढत. लहानशा प्रत्येक फळावर कागदाची दुहेरी पिशवी चढवायची, तोंडाची तार पिळायची, की पुढचं फळ. शिगेनो दिवसाला तीन हजार बांधायची. सप्टेंबरअखेर पिशव्या निघत तेव्हा आतली फळं आजारी माणसासारखी पांढरट असत. मग ऊन आणि थंड रात्री मिळून दहा दिवसांत त्यांना एकसारखा लाल रंग चढवत. बाजारात मान त्याच रंगाला.

फक्त शेडजवळच्या एका झाडाची फळं पिशवीतूनच काळपट लाल निघत. दरवर्षी.

"उजेड शिरला," सासू म्हणायची. "तार पिळतेस की फळाला गुदगुल्या करतेस?"

नवरा कान्जी एवढं बोलत नसे. तो त्या फळांची पेटी वेगळी काढायचा आणि आल्यागेल्याला दाखवायचा, "ही आमच्या हिची."

त्या झाडाला ती तारेचे दोन पीळ देऊ लागली. एका वर्षी वरून चिकटपट्टीही लावली. फळं लाल ती लालच. हळूहळू तिलाही वाटू लागलं, आपल्याच हातात खोट आहे. सासू गेली, पेटी मात्र वेगळी निघतच राहिली. एकतिसाव्या वर्षी, बर्फातल्या छाटणीच्या वेळी ती म्हणाली, "अहो, हे झाड पाडा."

कान्जीने कारण विचारलं नाही. सफरचंदाचं लाकूड छान जळतं. त्या हिवाळ्यात घर उबदार राहिलं.

दुसऱ्या वर्षी कान्जीला पक्षाघाताचा झटका आला आणि तो वृद्धांच्या शुश्रूषागृहात गेला. त्या सप्टेंबरात रात्रीसुद्धा उकडत होतं आणि गावभरची फळं फिकीच राहिली. मग संशोधन केंद्रातल्या नुमाताबाई गावच्या सभेला आल्या.

"सालीत रंग बनवणारी जनुकं कामगारांसारखी असतात," त्या म्हणाल्या. "त्यांच्यावर एक मुकादम जनुक असतं. उजेड आणि थंडी मिळाल्याशिवाय ते उठत नाही, आणि ते उठल्याशिवाय बाकीची हलत नाहीत. नुसता रंग जात नाही हो, शरीराला चांगलं म्हणतात ते फळातलं द्रव्यही रंगाबरोबरच जातं." मग त्यांनी विचारलं, "एखाद्या झाडात हा मुकादम कधी झोपतच नाही, अंधारातही आणि उकाड्यातही. पिशवीतच लाल झालेली फळं कुणी पाहिलीत?"

"वहिनींना विचारा," मागून शेजारचा तोकुजी म्हणाला. "त्यांच्या पिशवीत सूर्य उगवायचा."

सभा हसली. नुमाताबाई हसल्या नाहीत. "एकाच झाडाची, काकू?"

"एकाच. एकतीस वर्षं."

"झाड कुठंय?"

"जाळलं," शिगेनो म्हणाली. त्यानंतर कुणी हसलं नाही.

पाडलेल्या झाडाच्या बुंध्याशी दोन फुटवे होते. कलमाची गाठ मातीत गाडली गेलेली, त्यामुळे ते वरच्या झाडाचे की ज्यावर कलम बांधलेलं त्या खालच्या खुंटाचे, नजरेने कळेना. नुमाताबाई पानं घेऊन गेल्या. शिगेनोने फुटव्यांना उंदरांपासून जपायला जाळी लावली, पेंढा गुंडाळला, रोज बर्फ झटकला. झाडाला आपलं नाव मिळावं असं तिला वाटत नव्हतं, नवी जातही नको होती. आपले हात धड होते, एवढं कुणीतरी कागदावर लिहून द्यावं.

बर्फ वितळल्यावर नुमाताबाई स्वतः आल्या आणि उंबऱ्यावरच बसल्या.

"काकू, फुटवे खुंटाचे निघाले. त्या झाडाचं त्यांच्यात काही नाही."

"मग माझ्या पिशव्या?"

"घट्टच असणार. पण झाडाशिवाय मी तसं लिहून देऊ शकत नाही."

शिगेनोने त्यांना चहा दिला, आणि वाटेत खायला दोन फिकी सफरचंदं.

दुपारी ती शुश्रूषागृहात गेली. कान्जीला पेज भरवता भरवता म्हणाली, "अहो, पिशव्या सैल नव्हत्या."

त्याने घास गिळला.

"कुठल्या पिशव्या?"

तिने त्याची हनुवटी पुसली आणि पुढचा चमचा भरला. जूनमध्ये ती शिडी चढली. पहिल्याच फळाच्या तारेला तिने दोन पीळ दिले.