उशाशी गळणारं खारट पाणी

मी नववी-दहावीला विज्ञान शिकवते. ग्रहणात पोटभर जेवते, स्कूटरला कधी लिंबू-मिरची बांधली नाही, आणि असले अनुभव सांगणाऱ्यांना आजवर "झोप कमी पडतेय तुम्हाला" असंच म्हणत आले. त्यामुळे हे लिहिताना जरा ओशाळल्यासारखं होतंय... पण घडलंय ते घडलंय.

सोलापुरात शुक्रवार पेठेत आमची तीन मजली बिल्डिंग आहे. मी दुसऱ्या मजल्यावर राहते, आणि बरोबर माझ्या खाली मंगलवहिनी. माझी मोठी बहीण, ताई, शेवटपर्यंत माझ्याकडेच होती. तिने बाल्कनीत स्टॅगहॉर्न फर्न वाढवलं होतं. मातीत नाही – लाकडी फळीवर शेवाळाची गादी करून त्यावर बांधलेलं, भिंतीला टांगलेलं. पानं थेट हरणाच्या शिंगांसारखी, म्हणून आम्ही त्याला 'हरण'च म्हणायचो. सोलापूरच्या उन्हात हे झाड जगवणं काही खायचं काम नाही. ताई फळी उतरवून बादलीत बुडवायची, निथळली की परत टांगायची, उन्हाला आड म्हणून पुढे ओलं गोणपाट सोडायची. नळाला पाणी चार-पाच दिवसांआड, तरी हरणाची बादली आधी भरायची. बुंध्याशी ढालीसारखी पानं असतात. ती वाळून तपकिरी होतात, पण काढायची नसतात. तीच झाडाला धरून ठेवतात, ओल राखतात. ताई वारली आणि त्यानंतर हरणाला पहिलं पिल्लू, म्हणजे बाजूचं छोटं नवं रोप, फुटलं. माझ्या घरात तिचं जिवंत असं तेवढंच उरलं होतं.

मंगलवहिनींच्या मात्र ते डोळ्यांत खुपायचं. "ओ मॅडम, तुमचं झाड गळतंय की! माज्या कुरडया भिजल्या सगळ्या!" एकदा चार थेंब पडले होते खरे. मी माफी मागितली आणि फळी बाथरूममध्ये निथळवायला लागले. विषय संपला असं मला वाटलं.

उन्हाळ्यात मला कामासाठी आठवडाभर पुण्याला जावं लागलं. किल्ली वहिनींकडे दिली – शेजारधर्म! तपकिरी पानांना हात लावू नका, असं दोनदा बजावलं. परत आले तर सगळ्या ढाली ओरबाडून काढलेल्या, पिल्लू काळं पडलेलं, आणि शेवाळावर पांढरा थर. जिभेला लावून पाहिला. मीठ!

"आमी तर वाळकी पानं काडली नुसती. साफ केलं की, तुमच्यासाटीच!"

"आणि मीठ?"

"मीठ कशाला घालू वो मी? देवाशपथ न्हाय."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी, विज्ञानाची बाई, जिन्यात उभी राहून ओरडले, "माझ्या ताईचा तळतळाट लागेल तुम्हाला!" काही दिवसांत हरण गेलं.

त्यानंतर वहिनींच्या पलंगावर, बरोबर उशाशी, वरून पाणी गळायला लागलं. वर माझी बेडरूम. तिथून पाइपच जात नाही. प्लंबरने माझी फरशी ठोकून पाहिली, कोरडी. टाकी रिकामी असायची तेव्हाही थेंब चालू. पलंग सरकवला तर थेंबही सरकला. मी स्वतः खाली जाऊन पाहिलं – स्टुलावर चढून छताला हात लावला तर खडखडीत कोरडं, आणि उशी ओली. वहिनींनी उशीवर बोट फिरवून जिभेला लावलं आणि माझ्याकडे बघतच राहिल्या.

"मॅडम... खारट हाय वो."

स्लॅबमधले क्षार असतील, असं मी म्हणाले. आणि खोटं कशाला बोलू, जिवाला अगदी गार वाटलं.

पुढे एका दुपारी त्या वर आल्या. डोळे खोल गेलेले, केस विंचरलेले नाहीत. "मीच घातलं मिटाचं पानी. चुकलं माजं. एकदा माफ केलं म्हना, मंजी थांबंल."

"ताईला विचारून सांगते," मी म्हणाले आणि दार लावून घेतलं.

शेवटी घर सोडून त्या टेंभुर्णीला लेकाकडे गेल्या. खाली नवीन कुटुंब आलं. त्याच खोलीत, त्याच जागी त्यांचा पलंग... आणि एक थेंब नाही. मलाही वाटलं, चला, मिटलं.

मग पुढच्या वर्षी मे महिन्यात वहिनींचा फोन आला. "मॅडम, हितं पत्र्याचं घर हाय. वर नुस्तं आभाळ. पाऊस न्हाय, टाकी न्हाय... तरी उशाला गळतंय. खारटच." त्या रडत होत्या. "काय करू सांगा की!"

"बादली लावा," मी म्हणाले.

प्रत्येक गोष्टीला कारण असतं, असं मी वर्गात मुलांना सांगते. याचं कारण मला आजतागायत सापडलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाला सुचत असेल तर जरूर कळवा. वहिनी अजूनही फोन करतात. 'माफ केलं' एवढंच म्हणायचंय, थांबेलही कदाचित. मी फोन उचलते, त्यांचं सगळं शेवटपर्यंत ऐकून घेते, आणि काही न बोलता ठेवून देते.